पेंग्विनआप्पा

जळगावात मे महिन्यात पारा ४५ च्या घरात असतो. अशा उन्हात ज्याच्या स्कूटरवर लिनक्सच्या पेंग्विनचं स्टिकर दिसेल, तो पेंग्विनआप्पा. हा नमुना आता कोणत्याही तालुक्याला निघतो. तो पॉलिटेक्निकात शिकवत असेल, वीज कंपनीतून निवृत्त झालेला असेल, नाहीतर नवी पेठेत कॉम्प्युटर दुरुस्त करत असेल. ओळख करून देताना मात्र "मी डेबियन वापरतो" हे आधी सांगतो आणि नाव नंतर, तेही विचारलं तर.

विंडोज वापरणाऱ्यांचा आप्पाला राग येत नाही. त्यांची त्याला कणव येते. शेजारच्या काकूंच्या लॅपटॉपमधला व्हायरस तो एका कप चहावर काढून देतो आणि जाताना "बघा, विचार करा" एवढंच म्हणतो. आवाज व्यसनमुक्ती केंद्रातल्या समुपदेशकाचा.

त्याचा खरा राग धुळ्याच्या नानावर. कारण नानाही लिनक्सच वापरतो. पण उबंटू!

उबंटू हे डेबियनच्याच पोटचं, २००४ सालचं. बाहेरच्या माणसाला दोन्ही शेजारी मांडून दाखवली तरी फरक कळायचा नाही. आप्पाच्या लेखी मात्र नाना बाटला. नानाची बाजू अगदीच साधी. २०११ पर्यंत उबंटूची सीडी मागितली की परदेशातून घरपोच फुकट यायची. पोस्टमननं ती आणून दिली, नानानं टाकली, प्रिंटर चालला, विषय संपला. "चाली राह्यनं ना? मंग?" हे नानाचं सगळं तत्त्वज्ञान. आप्पाला नेमकं हेच खुपतं. चालतं तर काय, विंडोजही! पण आत बंद सोर्सचा ड्रायव्हर बसलाय का, सॉफ्टवेअर स्नॅपमधून आलंय का, हे कोणी बघायचं?

स्वातंत्र्य हा आप्पाचा लाडका शब्द. ज्याला जे हवं ते निवडता आलं पाहिजे, असं तो टेबलावर हात आपटून सांगतो. फक्त निवडून झाल्यावर ते डेबियन निघालं पाहिजे.

हिवाळ्यातल्या भरीत पार्टीला दोघांची हमखास गाठ पडते. जागा एरंडोल-पारोळ्याच्या मधलं कुणाचं तरी शेत, म्हणजे जळगावकर आणि धुळेकर दोघांनीही सारखंच कुरकुरत यावं. पऱ्हाट्यांचा जाळ होतो, हिरवी भरताची वांगी त्यात पडतात. वांगी भाजेपर्यंत दोघं एक असतात, कारण विषय विंडोज असतो. बडगीत मिरची-लसूण ठेचायला घेतला की फाटतं. आप्पा नुसतं 'लिनक्स' म्हणू देत नाही. स्टॉलमननं ग्नू प्रकल्प जाहीर केला १९८३ साली, टॉरवाल्ड्सचा कर्नेल आला १९९१ ला. तेव्हा 'ग्नू-लिनक्स' असं पूर्ण म्हणायचं. "तेवढं म्हणेपर्यंत मशीन चालू होई जास आप्पा," असं नाना म्हणतो आणि पुरी उचलतो.

ताटं वाढली जातात तोवर गाडी सिस्टमडीवर आलेली असते. सिस्टमडी म्हणजे मशीन सुरू होताना कोणी आधी उठायचं, कोणी मागून, हे ठरवणारा कारभारी. फेब्रुवारी २०१४ मध्ये डेबियनच्या तांत्रिक समितीत त्याच्यावरून समसमान मतं पडली आणि अध्यक्षांच्या निर्णायक मतानं तो आत आला. ग्रामपंचायत जवळून पाहिलेल्या कुणालाही यात नवल वाटू नये. आप्पाला ते अजून पचलेलं नाही. त्या वर्षाअखेरीला काही नाराज मंडळी फुटली, त्यांनी देवुआन नावाची वेगळी चूल मांडली. पुढे आप्पाही गुपचूप तिकडे गेला. म्हणजे "मी डेबियन वापरतो" म्हणणारा आप्पा डेबियन वापरतच नाही! ही गोष्ट नानाला माहीत नाही, आणि सांगण्यात अर्थही नाही. त्याला फरक विचारला तर तो पुन्हा प्रिंटरचं विचारेल.

रात्री अकराला मात्र नानाचाच फोन येतो. अपडेट घेतलं, पडदा काळा. आप्पा आधी पाच मिनिटं उबंटूचा उद्धार करतो, मग चष्मा लावतो. "लिही. सुडो. मंग स्पेस. एपीटी. आते पुन्हा स्पेस. अरे, कितल्या स्पेस दी राह्यना? एकच!" बोललेली आज्ञा इकडे चालते तशी तिकडेही चालते, घराणं एकच. बारापर्यंत नानाचा पडदा उजळतो. आभार कोणी मानत नाही. "डेबियन टाकी ले," असं म्हणून आप्पा फोन ठेवतो.

यंदाच्या दिवाळीला आप्पाची लेक पुण्याहून आली ती मॅकबुक घेऊन. सोर्स बंद, किंमत लाखाच्या आसपास, आणि वर कुरतडलेलं सफरचंद. नाना फराळाला आलेलाच होता. त्यानं एकदा सफरचंदाकडे पाहिलं, एकदा आप्पाकडे. आप्पानं घसा साफ केला.

"आतून युनिक्सच शे ते," तो म्हणाला. "रीतसर सर्टिफिकेट शे त्याले."

नानानं चकली मोडली.

"आणि मन्हा उबंटूले सर्टिफिकेट कोण देई आप्पा?"