इडलीपात्रातलं इंजिन

ॲन आर्बर, मिशिगन
दसऱ्यानंतरचा सोमवार

ती. आबा व ती. सौ. आई यांस,


फोनवर सांगायला गेलं की आबा मध्येच मिस्त्री होतात आणि आई "जेवला का रे?" वर येते, म्हणून पत्र.

आधी तो जुना घोळ मिटवतो. इथे ट्रक म्हणजे मागे उघडा हौदा असलेली घरची गाडी. मी ट्रक घेतला हे कळल्यावर आईने दोन दिवस डोळ्यांना पदर लावला. इतकं शिकवलं आणि पोरगा डायवर झाला! काका रावेरच्या केळीचा भाव विचारून ठेवू का म्हणाले. आबांनी मात्र एकच विचारलं, "किती चाकी?" चार म्हटल्यावर, "मग छकडा म्हण ना."

तर हा छकडा १९७८ सालचा, आठ सिलिंडरचा, पेट्रोलवरचा. ऑगस्टपासून तो कार्बोरेटरमधून फटाके फोडायला लागला, दिवाळी लांब असताना. रॉकर कव्हर उघडून इंजिन हळूहळू फिरवून पाहिलं. पंधरा रॉकर तालमीत जोर काढावेत तसे वरखाली, सोळावा नुसती मान हलवतोय. आबा, तुम्ही ओळखलंच असेल: कॅमशाफ्ट खाल्ला.

आई, तुझ्यासाठी सांगतो. इंजिनाच्या पोटात हातभर लांब दांडा असतो, क्रँकच्या दोन फेऱ्यांत तो एकदा फिरतो. त्याच्यावर सोळा उंचवटे. उंचवटा वर आला की टॅपेट उचलतो, पुशरॉड ढकलतो, रॉकर झुकतो आणि व्हॉल्व्ह उघडतो. आमचा एक उंचवटा झिजून सपाट झाला, तोही धूर बाहेर सोडायच्या व्हॉल्व्हचा. धुराडं बुजलं की चुलीचा धूर घरात येतो ना, तसाच हा आल्या वाटेने मागे फिरून कार्बोरेटरमधून भडकत होता. आबा, ऑइल मी वेळेवर बदललं होतं, शपथ. पण नव्या गाड्यांच्या सायलेन्सरच्या वाटेवर धूर स्वच्छ करणारं एक भांडं असतं. ते खराब होऊ नये म्हणून हल्लीच्या ऑइलमध्ये जस्त-फॉस्फरस कमी घालतात, आणि जुन्या सपाट बुडाच्या टॅपेटना तेच तर लागतं.

इथली मजुरी ऐकली आणि वाटलं, एवढ्यात अजिंठा चौफुलीवर आपल्या १२१० ट्रकचं इंजिन दोनदा बांधून झालं असतं. म्हणून घरीच करायचं ठरवलं. इथे गॅरेज म्हणजे घराचीच एक खोली, गाडी सोडून बाकी सगळं ठेवायची. खांडेनवमीला पाने-पेचकस पाटावर मांडून हळदकुंकू वाहिलं. लहानपणी तुम्ही मला पान्याला हात लावू दिला नाही, "तू वही धर" म्हणायचात. ती चाळीस वर्षांची उपासमार एका आठवड्यात भरून काढली.

रेडिएटर, फॅन, वॉटर पंप, पुली, टायमिंग कव्हर, मॅनिफोल्ड. गाडी पुढून अशी रिकामी झाली की आत उभं राहून चहा प्यावा. रॉकर काढले आणि प्रश्न पडला: सोळा रॉकर, सोळा गोळे, सोळा नट, ज्याचा त्याच्याच जागी परत गेला पाहिजे. स्वयंपाकघरात गेलो. चार ताटल्या, प्रत्येकीत चार खळगे. हिशेब इतका चोख जमला की सूनबाईला विचारायचं राहूनच गेलं. शनिवारी पाहुणे इडलीला येणार होते, हे मागाहून कळलं.

नवा शाफ्ट, त्याला नवेच टॅपेट. जुने चालत नाहीत, ते आपापल्या जुन्या उंचवट्याशी घासून बसलेले असतात. तोंडाला लांब बोल्ट लावून त्यांच्या मुठीने शाफ्ट आत सारला, बेअरिंगला ओरखडा नको म्हणून श्वास रोखून. दोन चक्रांवरचे ठिपके समोरासमोर आणले, चेन चढवली. (आबा फोनवर म्हणाले, "चेन? सायकल आहे का? आमच्याला गिअर होते.")

रविवारी किल्ली फिरवली. जो भडका उडाला त्यात माझी डावी भुवई गेली. आबा, हे वाक्य आईला वाचून दाखवताना गाळा.

मग तुम्हाला फोन लावला, पुढचं तुमच्या समोरच झालं. आबा सिलिंडर पेटण्याचा क्रम १-५-३-६-२-४ असा घोकत होते, माझं इंजिन १-८-४-३-६-५-७-२ वालं. तेवढ्यात धुळ्याहून आलेल्या मामांनी शेवभाजीचं ताट बाजूला सारून फोन घेतला, एकदाच आवाज ऐकला आणि म्हणाले, "भो, तुन्हा डेल्को उलटा बसाडेल शे."

तसंच निघालं. आई, डेल्को म्हणजे सिलिंडरांना पाळीपाळीने ठिणगी वाटणारा डबा. पिस्टन एका चक्रात दोनदा वर येतो, एकदा आगीसाठी, एकदा नुसता धूर हाकलायला. ठिपके समोरासमोर असताना आगीची पाळी सहा नंबरची असते आणि मी डेल्को एक नंबरवर लावला होता. मामांची पेट्रोल जीप लळिंगच्या घाटात किती वेळा रुसली असेल, ते त्या एका वाक्यात होतं. आबा, वाईट वाटून घेऊ नका. तुमच्या डिझेलला डेल्को नव्हताच.

मग इंजिन सुरू झालं. नवा शाफ्ट टॅपेटशी बसावा म्हणून सुरुवातीची वीस मिनिटं मिनिटाला दोन हजार फेऱ्यांच्या वरच फिरवायचं, हळू होऊ द्यायचं नाही. धाकटी कानांवर उशी धरून घड्याळ बघत होती. सगळी गल्ली कॉफीचे कप घेऊन अंगणात उभी. एकविसाव्या मिनिटाला मी हात पुसले आणि छकडा शहाण्यासारखा गुरगुरत राहिला.

इडलीपात्र तीनदा घासलं. इडलीला अजून ऑइलचा वास येतो. सूनबाई माझ्याशी मोजकंच बोलते, तेही मुलीमार्फत. पुढच्या महिन्यात काकांचा जावई येतोय, त्याच्याजवळ बिबडे आणि कळण्याचं पीठ द्या. आणि एक इडलीपात्र. सोळा खळग्यांचंच बघा. जुनं मी गॅरेजमध्ये ठेवलंय.

तुमचा,
बापू