शून्य टक्के साम्य

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018च्या नियमांनी प्रबंधाचे इतरांच्या लेखनाशी दहा टक्क्यांपर्यंतचे साम्य दंडमुक्त ठरवले आणि संशोधन शिकवण्याचे काम एकदाचे सोपे झाले. संदर्भ कसा शोधावा, लेखक कितपत विश्वासार्ह, आकडा मुळात आला कुठून, या रिकामटेकड्या चौकशा मागे पडल्या. विद्यार्थी ‘परिणाम’ खोडून ‘प्रभाव’ लिहितो. टक्का उतरतो, ज्ञान वाढते.

जुन्या वळणाची माणसे म्हणतात, मुलांना आधी ग्रंथालयात न्या, सूची चाळायला शिकवा. हेतू चांगला, पण धोका कोणी पाहत नाही. पुस्तक वाचले की एखादे वाक्य डोक्यात राहते. सलग चौदा शब्दांपर्यंतची स्मरणशक्ती नियमात माफ आहे. त्यापुढे वाचन हाच वाङ्मयचौर्याचा उगम. म्हणून पुस्तकांच्या कपाटांना कुलूप लावणारी महाविद्यालये काळाच्या पुढे आहेत. ग्रंथ वापरासाठी असतात, हा पहिला नियम ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांनी 1931 साली मांडला, तेव्हा तपासणीचे सॉफ्टवेअर नव्हते, एवढे त्यांच्या बाजूने म्हणता येईल. आता आक्षेप उरला एकच : असा प्रबंध वाचणार कोण? सॉफ्टवेअर वाचते की, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत. इतका चिकाटीचा वाचक महाविद्यालयाला आजवर लाभला नव्हता.