ओप्रा उठली, बातम्यांनी पाट मांडला

ऐकलंत का? मायामीच्या दहा नंबरच्या चॅनलने, डब्ल्यूपीएलजीने, एबीसी नेटवर्कशी काडीमोड घेतला! सहा दशकांहून जुना संसार. ४ ऑगस्ट २०२५ उजाडला आणि डब्ल्यूपीएलजी एका वाटेने, एबीसी दुसऱ्या वाटेने. एबीसीनेही फार अश्रू ढाळले नाहीत. त्याच शहरातल्या डब्ल्यूएसव्हीएनच्या ओसरीवर पथारी टाकून मोकळं झालं. बरं, घरात खायला नव्हतं म्हणावं, तर डब्ल्यूपीएलजीचा मालक कोण? वॉरन बफेंची बर्कशायर हॅथवे! हा धक्का पचतोय न पचतोय तोच बारा दिवसांनी अटलांटात डब्ल्यूएएनएफने सीबीएस नेटवर्कला निरोप दिला. तिथला संसार तीस वर्षांचा.

आणि एवढा मोकळा झालेला वेळ हे दोघे भरणार कशाने? सिनेमे? मालिका? छे हो. बातम्या! सकाळी होत्या त्यावर आणखी, संध्याकाळी होत्या त्यावर आणखी.

तुम्ही म्हणाल, यात डोळे विस्फारण्यासारखं काय आहे, आमच्याकडे मराठीतसुद्धा चोवीस तास बातम्या असतात. अहो, ती बातम्यांचीच चॅनलं; त्यांनी बातम्या नाही लावायच्या तर काय काकडआरती लावायची? इथल्या स्टेशनांचं तसं नाही. अमेरिकेत टीव्हीचे २१० बाजार मोजतात. न्यूयॉर्क पहिला, लॉस एंजेलिस दुसरा, शिकागो तिसरा. प्रत्येक शहराची आपापली दोन नंबर, चार नंबर, सात नंबर अशी स्टेशनं. दिवसाचा काही भाग नेटवर्क भरतं: सकाळचा शो, दुपारची एखादी मालिका, रात्रीचे मोठे कार्यक्रम. मधली भगदाडं स्टेशनने स्वतः बुजवायची. ती बुजवायला बाजारात तयार माल मिळायचा. ओप्रा, एलेन, डॉक्टर फिल, जज ज्युडी. एकच कार्यक्रम शहराशहरातल्या स्टेशनांना विकायचा, हे सिंडिकेशन. संध्याकाळच्या बातम्यांआधीची दुपार हा बराचसा त्यांचाच मुलूख.

त्या मुलखाची पट्टराणी ओप्रा विन्फ्री. ८ सप्टेंबर १९८६ ते २५ मे २०११, पाव शतक! न्यूयॉर्कमध्ये ती सात नंबरवर दुपारी चारला यायची, आणि नदीच्या अलीकडे आमच्या न्यू जर्सीत त्या तासाला कुणाकडे फोन करायची सोय नव्हती. सप्टेंबर २००४मध्ये बाईंनी स्टुडिओत बसलेल्या २७६ जणांना एकेक कोरी पाँटिअ‍ॅक गाडी वाटली. मग बातमी फुटली की गाडीवरचा कर ज्याचा त्याने भरायचा आहे! तो विषय आमच्या हळदीकुंकवाला पुढच्या संक्रांतीपर्यंत पुरला. अशी बाई उठल्यावर चारच्या जागेवर कोण बसणार, यावर काय पैजा लागल्या होत्या! कुणी म्हणे अमकी येणार, कुणी म्हणे तमकी. आणि आलं कोण? बातम्या. न्यूयॉर्कमध्ये डब्ल्यूएबीसीने तेच केलं, फिलाडेल्फियात डब्ल्यूपीव्हीआयनेही तेच. पाचला बातम्या होत्याच, सहाला होत्याच, साडेसहाला नेटवर्कच्या होत्याच. आता चारलाही.

आता आतली गोष्ट सांगते, कुणाला सांगू नका. हे बातम्यांचं प्रेम वगैरे काही नाही. विकत आणलेल्या कार्यक्रमाचे पैसे मोजायचे, वर त्यातल्या जाहिरातींच्या वेळेचा एक वाटा विकणाराच स्वतःकडे ठेवणार. बातम्या घरच्या. अँकर पगारावर आहेत, कॅमेरे आहेत, हवामानाचा नकाशा आहे, हेलिकॉप्टर भाड्याने घेतलेलंच आहे. मग आणखी एक तास चालवायला जादा खर्च तो किती? आणि जाहिरातींचा सेकंद न् सेकंद स्टेशनचा. ओप्रासारखी गर्दी खेचणारं कुणी उरलं असतं तर पैसे मोजलेही असते. पण प्रेक्षक फोनकडे आणि स्ट्रीमिंगकडे पळाले, तसे हे शो एकेक करून आटपले. एकट्या २०२२ सालात एलेन गेली, मॉरी गेला, वेंडी विल्यम्स गेली, डॉक्टर ऑझ गेला. पुढच्या वर्षी डॉक्टर फिल आणि रेचल रे. अमेरिकेची दुपार ओस पडली हो!

त्यात नेटवर्कची थेरं वेगळीच. पूर्वी नेटवर्क स्टेशनला पैसे द्यायचं, आमचे कार्यक्रम दाखवा म्हणून. आता स्टेशनने नेटवर्कला द्यायचे. हुंडा उलट्या दिशेने वाहायला लागला, तेव्हाच मायामीत काय होणार हे शहाण्यांनी ओळखायला हवं होतं.

यातला खरा विनोद सरकारच्या वाट्याला आलाय. १९७०मध्ये एफसीसीने, म्हणजे प्रसारणावर देखरेख करणाऱ्या आयोगाने, फर्मान काढलं की सगळ्यात मोठ्या पन्नास बाजारांत नेटवर्कने संध्याकाळचा सगळाच वेळ गिळायचा नाही, थोडा स्टेशनांसाठी सोडायचा. हेतू किती सात्त्विक! मोकळीक मिळाली की स्टेशनं गावचं काही दाखवतील, गावच्या प्रश्नांवर बोलतील. स्टेशनांनी काय केलं? बाजारात जाऊन गेम शो विकत आणले. १९८३ला संध्याकाळचं व्हील ऑफ फॉर्च्युन आलं, १९८४ला जेपर्डी, आणि दोघं जे ठाण मांडून बसले ते आजतागायत. नियम १९९६मध्ये रद्द झाला. आता सरकार काही सांगत नाही, कुणी मागत नाही, आणि स्टेशनं आपण होऊन तासन् तास गावच्या बातम्या देताहेत. सरकारी सदिच्छेने जे पंचवीस वर्षांत जमलं नाही ते जाहिरातींच्या हिशेबाने करून दाखवलं.

राजकारणाचा पैसा तर विचारूच नका. निवडणुकीच्या वर्षी उमेदवारांना जाहिरात कुठे हवी असते? बातम्यांच्या मध्ये. बातम्या बघणारा मतदानाला जातो, असं त्यांचं गणित. यातलं सगळ्यात खमंग प्रकरण डॉक्टर ऑझचं. हे दुपारचे लाडके डॉक्टर, वजन आणि जीवनसत्त्वं सांगणारे, २०२१च्या शेवटी पेनसिल्व्हेनियातून सिनेटला उभे राहिले. उमेदवाराला फुकटचा वेळ दिला तर समोरचाही तेवढाच मागणार, म्हणून न्यूयॉर्क आणि फिलाडेल्फियाच्या फॉक्स स्टेशनांनी त्यांचा शो तडक खाली उतरवला. जानेवारी २०२२मध्ये तो कायमचाच बंद झाला. त्या जागी आलेल्या नव्या स्वयंपाकाच्या शोमध्ये कोण असावं? साक्षात डॉक्टरांची कन्या! तोही वर्ष संपायच्या आत आटोपला. पण डॉक्टर काही पडद्यावरून गेले नाहीत बरं का. शो गेला आणि ते बातम्यांच्या मध्यंतरात परतले, जाहिरात होऊन. म्हणजे पूर्वी त्यांना दाखवायला स्टेशन पैसे मोजायचं, आता दिसायला ते मोजत होते. निवडणूक हरले, ते सोडा.

लॉस एंजेलिसकरांची तऱ्हा आणखी न्यारी. तिथे केसीएएलने १९९०मध्येच रात्री आठ ते अकरा सलग तीन तास बातम्या लावल्या होत्या, तेव्हा लोकांनी डोक्याला हात लावला. जानेवारी २०२३मध्ये त्याच चॅनलने पहाटे चार ते सकाळी अकरा बातम्या लावल्या. सात तास! पहाटे चारला एवढं काय घडतं, असं विचारू नका. रात्री अकराला जे सांगितलं तेच घडलेलं असतं. शिळ्या कढीला ऊत कसा आणावा, ते यांच्याकडून शिकावं. आणि दिवसा खरंच काही घडत नसेल तर रस्ते आहेतच. बातम्यांसाठी हेलिकॉप्टर वापरायची सुरुवात याच शहरात केटीएलएने १९५८मध्ये केली. १७ जून १९९४च्या संध्याकाळी ओ. जे. सिम्पसनची पांढरी ब्राँको पुढे आणि पोलिसांच्या गाड्या मागे, असं दृश्य साऱ्या देशाने पाहिलं. एनबीसीने तर बास्केटबॉलच्या अंतिम फेरीतला सामना कोपऱ्यातल्या चौकटीत सारला. तेव्हापासून तिथल्या एखाद्या उपटसुंभाने चोरलेली गाडी फ्रीवेवर दामटली की अँकरबाईंच्या चेहऱ्यावर काय तेज येतं! तासभर एक गाडी वरून बघायची. संवाद नाहीत, पटकथा नाही, मानधन नाही.

आमच्याकडे पाठलाग कमी, पण हिमवर्षाव असतो. बर्फ पडायच्या आदल्या दिवशी प्रत्येक स्टेशनचा एक वार्ताहर मिठाच्या ढिगाऱ्यापुढे उभा. रस्त्यावर टाकायचं मीठ आहे, भरपूर आहे, ट्रक तयार आहेत. हे चारला. पाचला तोच वार्ताहर, तेच मीठ. सहाला ट्रक किंचित सरकलेला. दुसऱ्या दिवशी तो बिचारा हातात मोजपट्टी घेऊन बर्फात खुपसतो. आणि रात्री अकराच्या लाइव्ह शॉटबद्दल तर मी काय बोलू? सकाळी कोर्टात काहीतरी झालं, न्यायाधीश घरी जाऊन जेवून झोपले, आणि हा काळोखात कुलूपबंद इमारतीपुढे उभा राहून सांगतोय की मी इथे आहे. आमच्या एडिसनमध्ये मुलांकडे सहा महिन्यांसाठी आलेल्या एक काकू रोज चारपासून साडेसहापर्यंत हे सगळं भक्तिभावाने बघतात. इंग्रजी फारसं कळत नाही म्हणतात, पण तिसऱ्यांदा ऐकेपर्यंत सगळं उमगतं. परत जाताना त्यांना इथल्या हवामानवाल्यांची नावं पाठ असतील, नातवाच्या शिक्षिकेचं नसेल.

पण माझा खरा राग वेगळाच आहे. एकेकाळी या बातम्यावाल्यांचं सोवळं काय होतं, माहितीये? १९९७मध्ये शिकागोच्या डब्ल्यूएमएक्यूने बातम्यांत टिप्पणी करायला जेरी स्प्रिंगरला आणलं. तोच तो, ज्याच्या शोमध्ये नवरे-बायका एकमेकांवर खुर्च्या उगारायचे. नुसती कुणकुण लागली आणि शहर पेटलं. कॅरोल मॅरिन या मुख्य अँकरबाईंनी नोकरी सोडली. त्यांचे जोडीदार रॉन मेगर्सही पाठोपाठ गेले. स्प्रिंगरने जेमतेम दोन टिप्पण्या केल्या आणि स्वतःच काढता पाय घेतला. आणि हा गृहस्थ कोण होता म्हणता? सिनसिनाटीचा माजी महापौर, आणि त्याच शहरातल्या डब्ल्यूएलडब्ल्यूटीचा नावाजलेला बातम्यांचा अँकर! म्हणजे मूळचा त्यांच्याच गोत्रातला. तरी विटाळ झाला.

आज ते शो गेले, त्यांची दुपार बातम्यांनी बळकावली, आणि वर त्यांचा मसालाही उचलला. मॉरीकडे निदान पाकीट फोडून डीएनएचा निकाल तरी लागायचा. बाप कोण हे तासाभरात कळायचं. बातम्यांत नुसतं ‘पुढे काय झालं ते जाहिरातींनंतर’, आणि जाहिरातींनंतर हवामान. जज ज्युडी वर्षाला ४ कोटी ७० लाख डॉलर घ्यायच्या आणि त्यासाठी वर्षातले बावन्न दिवस काम करायच्या, हे ऐकून पहिल्यांदा माझा पदर खांद्यावरून सरकला होता. आता वाटतं, खटला तर निकाली काढायच्या! भाडं बुडवलं, कुत्रं चावलं, उधार दिलेली गाडी ठोकली. खरे तंटे, खरे लोक. गावकीचे तंटे बघायचे तर याहून सचोटीचा कार्यक्रम कुठला? आणि गुपचूप सांगते, मला ते शो फालतू म्हणूनच आवडायचे. ते स्वतःला फालतू म्हणवून घ्यायला लाजत नव्हते. टायवाला माणूस गंभीर चेहरा करून अस्वल झाडावर चढल्याची फीत चौथ्यांदा दाखवतो, तेव्हा मला त्याच्याच वतीने लाज वाटते.

एवढ्या बातम्यांत आमच्या वाट्याला काय आलं म्हणाल तर तेही ऐकून ठेवा. न्यू जर्सीला स्वतःचं मोठं व्यापारी स्टेशन नव्हतं. नऊ नंबरचं डब्ल्यूओआर न्यूयॉर्कमध्ये होतं आणि त्याची मालक कंपनी परवान्याच्या भानगडीत गळ्यापर्यंत अडकलेली. तेव्हा आमचे सिनेटर बिल ब्रॅडली यांनी पुढाकार घेऊन कायद्यात अशी मेख मारली की जे स्टेशन आमच्या राज्यात येईल त्याचा परवाना आपोआप वाढेल. १९८३मध्ये स्टेशनचा परवाना सकॉकसला आला, स्टेशन पुढे डब्ल्यूडब्ल्यूओआर झालं आणि वर्षानुवर्षं जर्सीच्या बातम्या देत राहिलं. मग जुलै २०१३मध्ये, जेव्हा नदीपलीकडे सगळे बातम्यांचे तास वाढवत होते, तेव्हा या शहाण्यांनी नेमक्या आपल्या बातम्या बंद केल्या! जागेवर ‘चेसिंग न्यू जर्सी’ नावाचा एक पळापळीचा शो आणला.

जेमतेम दोन महिने झाले असतील. ९ सप्टेंबरपासून फोर्ट लीला जॉर्ज वॉशिंग्टन पुलावर जाणाऱ्या तीनपैकी दोन मार्गिका बंद झाल्या, शहर चार-पाच दिवस तुंबलं, आणि पुढे कळलं की गव्हर्नर ख्रिस क्रिस्टींच्या गोटातल्या मंडळींनी तिथल्या महापौरांवर उगवलेला सूड होता तो. राज्याने पिढीत एकदा पाहावी अशी भानगड. तिचा वास पहिल्यांदा कुणाला आला? ‘द रेकॉर्ड’ या बर्गनच्या छापील वर्तमानपत्रात ट्रॅफिकवर सदर लिहिणाऱ्याला. हेलिकॉप्टरवाले आमच्या डोक्यावरून रोज घिरट्या घालतात, त्यांनाही पूल तुंबलेला दिसत असणारच. पण त्यांना जाहिरातींनंतर हवामान घ्यायचं होतं.