चि. मॅस्टोडॉनास अनावृत पत्र

चि. मॅस्टोडॉन यास,
अनेक आशीर्वाद.

समाजमाध्यमांच्या घरात तुझा जन्म २०१६चा, म्हणून 'चिरंजीव' लिहिलं. एरवी हत्तीच्या नामशेष झालेल्या भाऊबंदाचं नाव लावणाऱ्याला चिरंजीव म्हणताना हात अडखळतोच. तुझे जनक ओयगेन रोख्को पडले जर्मनीतले. बारशाला एखादी आत्या असती तर हे नाव ठेवू दिलं नसतं.

पत्रास कारण, तक्रार. तुझ्याकडे येऊन वर्ष झालं, अजून मला कुणी काही विकलेलं नाही. मध्यंतरी गुडघेदुखीबद्दल लिहिलं. दुसरीकडे असतो तर संध्याकाळपर्यंत तेल, पट्टा आणि सर्जन दारात हजर. इथे बेळगावच्या एका बाईंनी 'जिने टाळा' एवढंच लिहिलं. फुकट! आणि भांडणं? पूर्वी होतो तिथे चहाआधीच कुणीतरी कुणाची तरी आयमाय काढलेली समोर यायची, दिवस मार्गी लागायचा. तू आपला ज्या क्रमाने पोस्टी आल्या त्या क्रमाने दाखवतोस. आज कशावर चिडायचं, हेही आता मीच ठरवायचं?

गणपतीत मोदकांचा फोटो टाकला. फिनलंडहून कुणीतरी अदबीने विचारलं, अंध वाचकांसाठी वर्णन लिहाल का? लिहिलं : 'उकडीचे मोदक, अकरा, एकाचं नाक मोडलेलं.' तोवर ते नाक मला दिसलंच नव्हतं. हे वर्णन बायकोला वाचून दाखवलं तो गाढवपणा माझा, तो तुझ्या खाती टाकत नाही.

तुझा मालक कोण, हेही कळेना. म्हणे ईमेलसारखं आहे : खातं कुठल्याही सर्व्हरवर काढा, ॲक्टिव्हिटीपब नावाच्या एकाच बोलीत सगळे एकमेकांशी बोलतात. कोडही खुला, कुणीही न्यावा. (ट्रम्पसाहेबांच्या ट्रुथ सोशलने नेलाच की २०२१मध्ये. नेलेला कोड उघड करायची अट मात्र तुझी चिठ्ठी गेल्यावर पाळली.)

आमची मंडळी तुझ्याकडे येऊन गेलीत. २०१९च्या अखेरीस ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचं ट्विटर खातं बंद झालं, निमित्त नाझी सलामीला हात न उचलणाऱ्या एका जर्मन माणसाच्या फोटोचं. संतापाची वरात तुझ्या दारी आली, नि थोड्याच दिवसांत बरेचसे वऱ्हाडी मुकाट्याने परतले. २०२२मध्ये इलॉन मस्क यांनी ४४ अब्ज डॉलरला ट्विटर घेतलं, तेव्हा पुन्हा बँड वाजला. परतलेल्यांना विचारावं तर उत्तर एकच : 'तिकडे कुणीच नसतं हो.' प्रत्येक जण हेच सांगून निघतो, मग असणार कोण?

आता खरं दुखणं. माझा पहिला सर्व्हर एक पोरगा नोकरी सांभाळून चालवायचा. भाडं त्याच्या खिशातून, आणि शिवीगाळ करणाऱ्यांना रात्री दोनला हाकलायचाही तोच. एकदा त्याने संकोचत लिहिलं, 'जमल्यास महिना शंभर रुपये द्याल का?' आम्ही गावोगाव पतपेढ्या काढणारी, मंडळाच्या पावतीवर पाचशे एक लिहिणारी माणसं! एकमुखाने त्या पोस्टला तारा, म्हणजे तुझ्याकडचं 'लाइक', दिला. कुणीतरी 'स्तुत्य उपक्रम' असंही लिहिलं. तीन महिन्यांनी त्याने निरोपाची पोस्ट टाकली. तिला त्याहून जास्त तारे पडले.

तुझ्या नियमाने मला फॉलो करणारे नव्या सर्व्हरवर माझ्यामागे आले. जुन्या पोस्टी येत नाहीत. गुडघा गेला, बेळगावच्या बाईंचा सल्ला गेला, अकराही मोदक गेले.

कळावे, लोभ असावा.

तुझा,
एक जुना भाडेकरू

ता. क. : नव्या सर्व्हरनेही परवा वर्गणीची सूचना लावली आहे. तिला मी ताबडतोब तारा दिला.