घराचं ओव्हरहॉलिंग

झाशीच्या तटाच्या आतल्या जुन्या मराठी वस्तीत एक काका हमखास असतात. त्यांची उभी हयात रेल्वेच्या वॅगन वर्कशॉपमध्ये गेलेली असते. निरोपाचा हार गळ्यात घालून ते घरी येतात, आणि त्याच संध्याकाळी काकूंच्या लक्षात येतं की वर्कशॉप सुटलेलं नाही, फक्त त्याचा पत्ता बदललाय. 1895 पासून या वर्कशॉपनं गावाला रोजगार दिला, क्वार्टर्स दिली आणि हे काकाही दिले.

घर लावणं हे काकांच्या मते लांबलेलं काम आहे. इंग्रज सेनापती ह्यू रोजच्या फौजेनं एप्रिल 1858 मध्ये शहर लुटलं. वरसईचे गोडसे भटजी तेव्हा इथेच होते, 'माझा प्रवास' त्यांनी डोळ्यांनी पाहून लिहिलाय. काकांचं म्हणणं एवढंच, की त्या लुटीनंतर आमच्या वाड्यात कुणी नीट आवरलंच नाही. चार पिढ्या वाट पाहत बसल्या. शेवटी कुणीतरी हाती घ्यायला हवं होतं.

मालगाडीच्या डब्यावर त्याची सगळी कुंडली रंगवलेली असते: रिकामं वजन म्हणजे टेअर, माल किती मावतो तो आकडा, आणि संपूर्ण दुरुस्तीला, म्हणजे पीओएचला, परत यायची रिटर्न डेट. काकांच्या स्वयंपाकघरात डाळीचे डबे याच इतमामात उभे आहेत. 'तूर. टेअर 410 ग्रॅम. क्षमता 3 किलो.' अक्षरं पत्र्याच्या स्टेन्सिलनं, पांढऱ्या ऑइलपेंटनं. लोणच्याच्या बरणीलाही रिटर्न डेट आहे. त्या दिवशी बरणी रिकामी होऊन, धुऊन, उन्हात पडलीच पाहिजे, आतलं लोणचं मुरलेलं असो वा नसो.

या घरात काही मोडत नाही. वस्तू रेल्वेच्या भाषेत 'सिक' होते आणि जिन्याखालच्या सिक लाईनवर जाते. तिथे तीन पायांचं स्टूल आहे, एका कानाची कढई आहे, मान टाकलेला टेबलफॅन आहे. "सिक म्हणजे भंगार नव्हे," काका सांगतात, "सिक म्हणजे दुरुस्तीयोग्य." त्यामुळे कबाडीवाला या गल्लीतून जाताना सायकलची घंटीसुद्धा वाजवत नाही. एकदा काकांची पाठ धरली, तेव्हा उठता येईना म्हणून त्यांची खुर्चीही दुपारभर तिथेच होती. काकूंनी पाटी लावायची तेवढी बाकी ठेवली.

चेष्टा पुरे, माणसाचा हात मात्र पक्का आहे. या घरांच्या चुन्याच्या भिंती दोन-दोन हात जाड, आणि एका कोनाड्याचं माप दुसऱ्याशी जुळेल तर शपथ. वर अरुंद, खाली रुंद, ओळंबा धरला तर तो लाजून बाजूला होतो. खिळा ठोकावा तर खिळा तरी वाकतो, नाहीतर ताटाएवढा गिलावा पायाशी येतो. इथे बाजारातलं तयार काहीही बसत नाही. काका आधी पुठ्ठ्याचा साचा कापतात, तो कोनाड्यात घालून कडा कात्रीनं तासतात, मग साचा प्लायवर ठेवून फळी कापतात आणि बाजूच्या गुटक्यांवर ती नुसती टेकवतात. खिळा नाही, गिलाव्याला धक्का नाही. पुण्याच्या सुतारानं यासाठी आधी भिंत सरळ करून मागितली असती.

पण काकांना थांबता येत नाही. कोनाडे संपले तेव्हा त्यांनी पीव्हीसी पाइपाचे तुकडे एकमेकांना चिकटवून दारात चपलांची चाळ बांधली. चप्पल सुरेख आत जाते. बाहेर काढायला चिमटा लागतो. चिमटाही काकांनीच केलाय, त्याची जागाही ठरलेली आहे. ती कुठली, हे काकांना विचारायचं आणि तोवर अनवाणी उभं राहायचं.

कूलरचं तर विचारू नका. झाशीचा उन्हाळा पंचेचाळीस अंशांच्या गप्पा मारतो, म्हणून घरात कूलर अजस्र. थंडीत तो रिकामा कसा राहील? त्यात सगळ्या रजया भरल्या जातात, वर 'माल: रजई, नग 6'. मार्चमध्ये अचानक उकडायला लागलं की घरच्यांना घाम येतो आणि कूलरमध्ये रजया आरामात असतात. त्या काढायच्या तर आधी लोखंडी पेटी रिकामी हवी, आणि पेटीत जुन्या कूलरचे सुटे भाग आहेत.

ज्या गणेश मंदिरात 1842 साली मणिकर्णिकेची लक्ष्मीबाई झाली, तिथे आरतीनंतर काका प्रसादाबरोबर सल्लाही वाटतात. लोक प्रसाद घेतात.

काकू या सगळ्यावर एक शब्द बोलत नाहीत. त्यांनी फक्त डब्यांतला माल बदलला. 'तूर'मध्ये रवा, 'रव्या'त चहा, आणि काका ज्याला हातही लावत नाहीत त्या 'मेथीदाण्या'त त्यांचे साठवलेले पैसे. रंग खरवडून डब्यावरचं नाव बदलायला काका महिना घेतील हे त्यांना ठाऊक आहे. पाहुणीनं चहा मागितला, की काकूंचा हात न पाहता 'रव्या'कडे जातो आणि काका शेजारी उभं राहून अभिमानानं म्हणतात, "बघा, सिस्टीम असली की वस्तू लगेच सापडते."

परवा मुलगा पुण्याला परत निघाला. झेलम एक्सप्रेसची वेळ झाली, रिक्षा दारात, आणि सुटकेसच्या पाठीवर ताजा पांढरा रंग. 'टेअर 4 किलो 200.' खाली रिटर्न डेट, दिवाळीची.

"बाबा, अहो, ऑफिसला न्यायची बॅग आहे ही!"

"असू दे. पीओएच वेळेवर झालं पाहिजे," काका म्हणाले. "तिकडच्या मेंटेनन्सचा काही भरवसा नाही. आणि हँडल वरून धर, रंग ओला आहे."