सांगायचं ना!

नोकरी करणाऱ्या जोडप्याला ‘घर आणि ऑफिस कसं सांभाळता?’ असं विचारलं, की बाई उसासा टाकते आणि बुवा म्हणतो, ‘मीही मदत करतो की!’ सगळी मेख या ‘मदत’ शब्दात आहे. शेजाऱ्याचं सिलिंडर उचलू लागणं ही मदत. पण स्वतःच्या पोराचा डबा भरणं ही मदत कोणाला? केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरकामात बायकांची दिवसाला सरासरी २८९ मिनिटं जातात, पुरुषांची ८८. तीही घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषांची. न लावणारे या सरासरीत धरलेलेच नाहीत. तरी ‘आमचं निम्मं-निम्मं’ असं तो म्हणतो, तेव्हा तो खोटं बोलत नसतो. तो स्वतःला मोजतो वडिलांशी, ज्यांना साखरेचा डबा कुठे असतो हे ठाऊक नव्हतं. त्या मापाने ८८ मिनिटं म्हणजे क्रांतीच. ती मात्र मोजते घड्याळाशी.

कायद्याचं मापही बुवांच्या सोयीचंच. २०१७ च्या दुरुस्तीने प्रसूतिरजा पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची झाली. पन्नास किंवा अधिक कर्मचाऱ्यांच्या आस्थापनेला पाळणाघर बंधनकारक झालं आणि आईला दिवसातून चारदा तिथे जायची मुभा मिळाली. बापाने किती वेळा डोकवावं, यावर कायदा गप्प. तो मीटिंगमध्ये असणार, हे गृहीत. केंद्रीय कर्मचाऱ्याला पितृत्व रजा १५ दिवसांची. बाराव्या दिवशी बारसं उरकलं, की बाप व्हायला तीन दिवस उरतात. खासगी नोकरीत कायदा तेवढेही देत नाही.

यावर म्हणतील, ‘तिलाच दुसऱ्याचं काम पसंत पडत नाही. भांडी घासली तरी पुन्हा विसळते.’ खरं आहे. पण ऑफिसात साहेबाने अहवाल तीनदा परत पाठवला, तर कोणी अहवाल लिहिणं सोडत नाही, सुधारून आणतो. घरात मात्र पहिल्याच शेऱ्यावर राजीनामा. दुसरा आक्षेप आणखी प्रेमळ : ‘पुरुष तयार असतात हो, फक्त सांगावं लागतं.’ रात्री साडेनऊला पोरगं आठवण करून देतं, की उद्या शाळेत पिवळा कार्डशीट न्यायचाय. शाळेचा निरोप आईच्या फोनवर आलेला असतो, कारण पालकांचा ग्रुप म्हणजे आयांचा ग्रुप. बुवा चपला घालत म्हणतो, ‘आधी सांगायचं ना, येताना आणला असता!’ म्हणजे लक्षात ठेवायची नोकरी तिची, आणायचं पुण्य याचं आणि दुकान बंद निघालं तर चूकही तिचीच. तोल गेलेला नाही, असं त्याला वाटतं ते बरोबरच आहे. काटा तिच्या हातात आहे. तो नुसता पारड्यात बसलाय.