बिनव्याजी सावकारांचे पत्र

मा. चेअरमनसाहेब,
स. न. वि. वि.

यंदाचं बॉयलर अग्निप्रदीपन झोकात झालं. मंडप, फेटे, आमदार, आणि ‘कामगार हा कारखान्याचा कणा’ हे तुमचं ठेवणीतलं वाक्य. टाळ्या आम्हीच वाजवल्या.

तुमच्यामुळे आम्ही सावकार झालो, हे मान्य करायलाच हवं. बँक कर्ज देताना साखर तारण ठेवून घेते, सरकारची थकहमी मागते. आम्ही पॅनमन, फिटर, काट्यावरचे क्लार्क मात्र वर्षानुवर्षं पगार तुमच्याकडेच ठेवतो. ना तारण, ना व्याज. पतसंस्थेचा हप्ता तुम्ही पगारपत्रकावर नेमाने कापता, फक्त तो पतसंस्थेत पोचत नाही. नोटीस आमच्या घरी येते. जामीनदार शेजारच्याच खात्यातला, त्यालाही पगार नाही.

१९३६च्या वेतन कायद्यात हजारावर कामगार असलेल्या कारखान्याला दहा तारखेपर्यंत सवड होती. नव्या वेतन संहितेने सगळ्यांनाच सात तारीख लावली. महिना पुढचाच, असंही तिथे लिहिलंय. ते पान तुमच्या प्रतीत नसावं.

आम्ही कामगार न्यायालयात गेलो तेव्हा ‘घरचं भांडण चव्हाट्यावर नेलं’ म्हणून तुम्ही हळहळलात. वकील मात्र गुणी नेमलात. एका तारखेला कागद सापडेनात, दुसरीला साहेब आजारी. मग कारखाना भाड्याने गेला आणि देणी जुन्यांची की नव्यांची, हा गहन प्रश्न उभा राहिला. भाडेकरू कंपनीत तुमचेच चिरंजीव संचालक, तेव्हा उत्तर शोधायला वेळ लागणारच! दावा लावला १९४७च्या औद्योगिक विवाद कायद्याखाली; २१ नोव्हेंबर २०२५ला तो कायदाच निवृत्त झाला. आमच्यातले काहीजण त्याच्याआधीच झाले. त्यांची ग्रॅच्युइटी तीस दिवसांत द्यायची होती. तिच्यावर मात्र व्याज चढतं, एवढी एक गैरसोय कायद्याने तुमची करून ठेवली आहे.

निकाल आमच्या बाजूने लागला, हे वकिलांनी सांगितलं असेलच. वसुलीचा दाखला कलेक्टर कचेरीत गेलाय. आता ही रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल होईल. गोदामातली साखर बँकेकडे तारण आहे, ठाऊक आहे आम्हाला. म्हणून जप्तीसाठी तहसीलदारांना आम्ही तुमची पांढरी गाडी सुचवली. ती कारखान्याच्या नावावर आहे ना. आतलं तुमचं सामान तेवढं काढून ठेवा.

कळावे, लोभ आहेच.

आपले,
पगारपत्रकावरचे सर्वजण